दुसरा वर येऊ दे

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, आणि कागदाशी घरचा संबंध यायचा तो तेंदूपत्त्याच्या हंगामात अंगठा लावण्यापुरता. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांनी जन्मभर लिहिण्याचं आणि बोलण्याचंच काम केलं, त्यामुळे माझी वाक्यं त्यांना कशी वाटतील याची धास्ती आहेच. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण कुणाचं नाव टाकू नको, आणि मला मोठा करू नको." दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो. जिथे मला ठाऊक नाही तिथे तसं सांगतो.

आम्ही त्यांना सर म्हणायचो, जरी ते कोणताच विषय शिकवत नव्हते. ते मूळचे बालाघाटकडच्या एका मँगनीज खाणीच्या गावचे. वडील खाणीत खाली उतरणारे. सर शिकले, नागपूरच्या एका हिंदी वर्तमानपत्रात लागले, आणि नव्व्याण्णव साली कारगिलची लढाई झाली तेव्हा पत्रानं त्यांना वर डोंगरात पाठवलं. परत आल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. काही वर्षं एका मोठ्या शहरात रेडिओवर बातम्या वाचल्या. मग आमच्या कॉलेजनं गोंदियात छोटं रेडिओ केंद्र काढलं, तेव्हा ते चालवायला आले. लग्न केलं नव्हतं. स्टेशनापलीकडे खोली करून राहायचे.

ते एका माणसाच्या बातमीची वाट पाहत होते. लढाईत त्यांची जीप चालवणारा एक ड्रायव्हर होता. तो त्या दिवशी जगला की मेला, हे सरांना कळलेलं नव्हतं. केंद्रात काम करणाऱ्या आम्हा पोरांना एवढं माहीत होतं. बाकीचं मला हळूहळू समजलं.

रेडिओ केंद्र म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला घोंगडी. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सर बनियनवर बसून बोलायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की कोट घालून बसलेत. मी दरेकस्याहून पॅसेंजरनं येणारा. घरी जाताना मोबाइलवर आमचंच केंद्र लावून बसायचो. आमगाव यायच्या आत सरांचा आवाज खरखरत बुडायचा. त्यामुळे मी रेडिओवर काय काम करतो हे आईनं कधी ऐकलं नाही. "तुहा रेडिओ आमच्याइकडं काऊन लागत नाही?" असं ती विचारायची, आणि माझ्यापाशी उत्तर असूनही मी ते नीट देऊ शकायचो नाही.

आमच्यासारख्या केंद्रांना बातम्या द्यायची परवानगी नसते. धानावरचा करपा, तुडतुडे, बसच्या वेळा, लसीकरण, बायकांची गाणी, हरवलं-सापडलं, एवढंच. लढाईची बातमी देऊन आलेला माणूस तुडतुड्यांवर बोलतो याचं आम्हाला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. सरांना दोन्ही वाटत नव्हतं. हरवलेल्या म्हशीची सूचनासुद्धा ते तपासल्याशिवाय सोडत नसत.

एकदा अशाच एका म्हशीसाठी फोन आला. मी उचलला आणि सरांनी ऐकायला स्पीकर लावला.

"सायेब, माही म्हैस हरपली. रेडिओवर सांगा."

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"सकाऊनपासून."

"घरात आणखी कोण आहे? त्यांना फोन द्या."

"कायले? म्हैस माही हाये."

"द्या तर."

फोन बायकोच्या हातात गेला. ती म्हणाली, "हरपली कायची? याच्या भावानं नेली. दोघाईचं भांडण होऊन राहिलं, अन् हा रेडिओवर देऊन राहिला."

"मग बाई, आम्ही सांगायचं काय?"

"सांगा का याचा भाऊ हरपला म्हणून. सापडला तं आणूनबी देऊ नका म्हणावं."

आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले. मग म्हणाले, "बघ, आपण पहिल्याचं ऐकून सांगितलं असतं तर उद्या भाऊ चोर ठरला असता." आणि तेव्हाच त्यांनी मला खाणीची गोष्ट सांगितली.

त्यांच्या गावात खाणीचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा. तो भलत्या वेळी वाजला की बाया हातातलं काम टाकून खाणीच्या तोंडाशी धावायच्या. खालून माणसं पाळण्यातून वर येत. पाळणा म्हणजे माणसं वर-खाली नेणारा लोखंडी पिंजरा. जो पहिला वर येई तो धुळीनं काळा, घाबरलेला, आणि तो हमखास काहीतरी चुकीचं सांगायचा. एकदा अशाच पहिल्या माणसाच्या बोलण्यावर एका बाईच्या बांगड्या फोडल्या गेल्या. संध्याकाळी तिचा नवरा दुसऱ्या बाजूच्या पाळण्यातून धडधाकट वर आला. नवरा-बायको दोघं घरी गेले, आणि कितीतरी दिवस एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे. काय बोलणार? तेव्हापासून गावातल्या बायांनी रीत पाडली. वेगवेगळ्या पाळण्यांतून आलेली दोन माणसं एकच सांगत नाहीत तोवर कुणी रडायचं नाही आणि कुणी देवाला नारळही फोडायचा नाही. कुणी हंबरडा फोडू लागली तर म्हाताऱ्या बाया दटावायच्या, "चूप. दुसरा वर येऊ दे."

"मी पत्रकारिता कॉलेजात शिकलो," सर म्हणाले, "पण शिकलो ते एवढंच."

ड्रायव्हरची हकीकत त्यांनी सलग कधी सांगितली नाही. मी तुकडे जुळवून सांगतो. तो जम्मूच्या पुढच्या एका गावचा. त्याच्या जीपमधून सर वर जात, जे पाहिलं ते गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत, आणि मग दोघं खाली येऊन टेलिफोनच्या बूथवरून सगळं नागपूरला वाचून दाखवत. त्या दिवशी निघायच्या वेळी तोफेजवळच्या एका जवानानं सरांना चहासाठी थांबवलं. त्यानं मुद्दाम केला होता, नाही म्हणवेना. ड्रायव्हरला डिझेलसाठी खाली जायचंच होतं. तो म्हणाला, "आप चाय पियो जी, कागज़ बूथ पर मैं दे आता हूँ," आणि लिहिलेले कागद शर्टात घालून गेला. थोड्याच वेळात खालच्या रस्त्यावर गोळे पडले. संध्याकाळी वर आलेला एकजण म्हणाला, तुमची जीप जळाली. दुसरा म्हणाला, ती जीप वेगळीच. सरांना तिथूनच दुसऱ्या बाजूला हलवलं, मग ताप आला, मग परत पाठवलं. पण त्या दिवशीची बातमी नागपूरला पोचली होती आणि छापूनही आली होती. म्हणजे कुणीतरी ती फोनवर वाचून दाखवली होती. कुणी, ते ऑफिसातल्या माणसाला आठवत नव्हतं. रोज इतके फोन यायचे, त्यानं आवाजाकडे लक्ष दिलं नव्हतं.

एवढ्यावर सर दहा-अकरा वर्षं थांबले होते.

पावसाळा सरला की काश्मीरकडून सफरचंदाच्या गाड्या नागपूरवरून रायपूर, ओडिशाकडे जातात. कोहमाऱ्याला त्या जेवायला थांबतात. त्या दिवसांत सर रविवारी सकाळच्या एसटीनं कोहमाऱ्याला जात आणि ज्या गाडीचा नंबर जम्मूचा असेल तिच्या ड्रायव्हरजवळ जाऊन बसत. दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो. धाब्यावाला आम्हाला पाहिलं की ओरडायचा, "आ गये पत्रकारबाबू. लोग सेब खाते हैं, ये सेबवालों का दिमाग खाते हैं." सर बाजेवर बसून चहा घेत आणि वाट पाहत. ते लगेच विचारत नसत. आधी रस्त्याचं, डिझेलचं, बर्फाचं बोलत. मग सहज म्हणत की अमुक गावचा, अमुक नावाचा एक ड्रायव्हर होता, लढाईच्या वेळी जीप चालवायचा, ओळखता का? बहुतेक जण मान हलवत. एकानं सरांना वसुलीवाला समजून जेवण अर्धवट टाकून गाडी हलवली होती, असं धाब्यावाला हसत हसत सांगायचा.

त्या वर्षी एक वयस्क ड्रायव्हर भेटला. सरांनी नाव घेतलं तसा तो रोटी मोडायची थांबला.

"वो? ज़िंदा था जी. लड़ाई के बाद भी गाड़ी चलाता रहा. जाम में हम साथ फँसे थे, उसी के स्टोव पर रोटी बनी थी."

"वही है, ये कैसे कह सकते हो?" सरांनी विचारलं.

"बायाँ हाथ उसका पूरा बंद नहीं होता था. गियर हथेली से धकेलता था. मैंने पूछा तो बोला, लड़ाई की निशानी है."

"अभी कहाँ है?"

"ये नहीं पता. बरसों हो गये मिले हुए."

परतीच्या बसमध्ये मला आनंद मावत नव्हता. सर खिडकीबाहेर पाहत होते. गोरेगाव आलं तसा मी धीर करून म्हणालो, "सर, कळलं की."

"एक वर आला," ते म्हणाले. "दुसरा येऊ दे."

आता माझी चूक सांगतो. पुढच्या रविवारी सरांना बरं नव्हतं, म्हणून मी एकटाच गेलो. जम्मूच्याच गाड्यांतला एक तरुण ड्रायव्हर मिळाला. मी सरांसारखा थांबलो नाही. थेट विचारलं, "वो जीपवाला ज़िंदा था ना, जिसका बायाँ हाथ खराब था?" तो म्हणाला, "हाँ हाँ, वही. ज़िंदा था." मी धावतच बस पकडली आणि गोंदियाला येऊन सरांच्या खोलीत शिरलो. सर पांघरूण घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हाताचं तो आपणहून बोलला, की तू सांगितलंस?"

"मीच."

"गाडी कुणाची होती?"

गाडी आधीच्या रविवारच्या गाडीच्याच मालकाची होती. हा पोरगा त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्याच हाताखाली शिकलेला. म्हाताऱ्यानं धाब्यावरची हकीकत त्याला जेवताना सांगितली होती, हे मला त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं आणि मी ते मनावर घेतलं नव्हतं.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "एकाच पाळण्यातून आलेले दोघं म्हणजे एकच माणूस."

मला मात्र राग आला. रागात मला कॉलेजची भाषा राहत नाही. मी म्हणालो, "सर, तुमाले ऐकाचंच नाही. गाव माहीत हाये, नाव माहीत हाये. इतक्या वर्सांत तुमी सोता जाऊन काऊन नाही आले?"

सरांनी पांघरूण बाजूला सारलं. मग सर म्हणाले, "गेलो होतो. जम्मूच्या स्टँडवर त्याच्या गावची बस उभी होती, मी चढलो नाही. मनात आलं, दार बायकोनं उघडलं तर तिला काय विचारू? तुझा नवरा आहे का, असं विचारू?"

मी त्यांच्यासाठी चहा ठेवला आणि शेवटच्या पॅसेंजरनं घरी आलो. जे बोललो ते बोलायला नको होतं, पण ते बोललो नसतो तर पुढचंही सुचलं नसतं. सर त्या दाराशी जाऊ शकत नव्हते. दुसरं कुणी जाऊ शकत होतं.

आमच्या शेजारचा एक दादा फौजेत आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा तो सुट्टीवर यायचा. त्या साली त्याची नेमणूक जम्मूकडेच होती. मंडईत पानाच्या ठेल्याजवळ मी त्याला गाठलं आणि म्हणालो, "दादा, तिकडच्या एका घरची चौकशी करायची हाये."

"पोरगी पाह्यली का बे?"

"नाही ना. एक ड्रायव्हर हाये." मी नाव, गाव आणि लढाईचं साल सांगितलं, आणि आमच्या रेडिओच्या सरांसाठी हवं आहे एवढंच. "जगला का नाही, तेवढं पाहून ये."

"तुले काय माहीत हाये थे तं सांग अगुदर."

"नाही सांगत."

"काऊन?"

"सांगतलं तं तू थेच आणशीन."

"लई शिकला बा तू," तो म्हणाला, आणि पानवाल्याला म्हणाला, "याले चुना जास्त लाव." पण नाव-गाव त्यानं नीट दोनदा म्हणून घेतलं.

सरांना मी काही सांगितलं नाही. हिवाळा गेला. उन्हाळ्याच्या तोंडाशी दादाचा फोन आला. मी विचारलं, "घर सापडलं का?"

"सापडलं. पण थे मी तुह्या सरलेच सांगीन. फोनवर नाही."

"तं मेला का?"

"म्हटलं ना, येऊन सांगीन."

तेवढे दिवस मला फार जड गेले. चांगली बातमी असती तर तो फोनवरच बोलला असता, असं वाटायचं. मग वाटायचं, म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तर तो नंतर गाडी चालवत होता असं सांगितलं होतं. मग आठवायचं की ते एकाचंच बोलणं आहे. तेव्हा मला सरांची दहा-अकरा वर्षं थोडीशी समजली. सरांसमोर बसून मी धानाच्या पऱ्ह्यांवरचा, म्हणजे रोपांवरचा, कार्यक्रम लिहीत असायचो आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळायचो. त्यांनी एकदा विचारलंही, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हणालो.

मे महिन्यात दादा सुट्टीवर आला. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं पॅसेंजरनं गोंदियाला गेलो. गाडीत त्यानं मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. केंद्रात पोचलो तेव्हा दाराला घोंगडी होती आणि आतून सरांचा आवाज येत होता. बियाणं मिठाच्या पाण्यात कसं टाकायचं, वर तरंगेल ते कसं काढायचं, हे ते सांगत होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दादा टोपी हातात घेऊन ताठ बसला होता, साहेबाच्या खोलीबाहेर बसावं तसा.

सर बनियनवरच बाहेर आले. मी म्हणालो, "सर, हा आमच्या शेजारचा दादा. फौजेत आहे. मी ह्याला त्या गावी पाठवलं होतं. आपल्याला धाब्यावर जे कळलं त्यातलं एक अक्षर मी ह्याला सांगितलेलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग दादाला म्हणाले, "बसा." आणि स्वतः उभेच राहिले.

दादा मराठीत की हिंदीत बोलावं अशा विचारात पडला आणि शेवटी आपल्याच बोलीत बोलला.

"सर, मी गेल्तो त्याईच्या घरी. थे आता नाहीत."

सरांनी विचारलं, "कधी?"

"तीन-चार वर्सं झाली. दम्याचं दुखणं होतं. घरीच गेले, बिछान्यात."

"घरीच?"

"हो जी. पोरीचं लगन करून गेले. पोरगा आता टेम्पो चालवते. त्यानंच बसवलं मले, जेवूबी घातलं."

"आणि लढाईत?"

"लढाईत गाडी जळली. डाव्या हातात लोखंड घुसलं, थो हात मंग कधी पुरा मिटला नाही म्हणे. पण माणूस वाचला. पायीच खाली उतरला, बूथवर गेला, अन् मंग दवाखान्यात."

सर बाकावर बसले. मी पाणी आणलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "बूथवर? म्हणजे फोन त्यानंच केला?"

"त्याईनंच," दादा म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं. "पोरगा म्हणे, बाप घरी लई खेपा सांगे का त्या पत्रकाराचं अक्षर म्हणजे कोंबडी चालली कागदावर. एका हातानं रगत दाबून उभे होते, अन् वाचता येऊन नाही राहिलं. मंग जेवढं लागलं तेवढं वाचलं, अन् जे नाही लागलं तिथं आपल्या डोळ्यानं जे पाह्यलं होतं थेच सांगून देल्लं. दुसऱ्या दिवशी सारंच छापून आलं."